पठार आणि नदी यांच्यामधले कळंब

अबुल फजलने वऱ्हाड सुभ्याची माहिती लिहिली, तेव्हा कळंबसाठी त्याने काही ओळी राखून ठेवल्या. गाव जुने आणि मातब्बर आहे, इथल्या म्हशी नावाजलेल्या आहेत, शेजारी बाबजी नावाचा गोंड राजा आहे, त्याच्यापाशी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ आहे, आणि त्या मुलखात रानहत्ती पुष्कळ आहेत, असा त्या नोंदीचा आशय आहे. 'आईन-ए-अकबरी'तली ही नोंद 16व्या शतकाच्या अखेरची. बाबजी म्हणजे चांद्याच्या गोंड घराण्याचा राजा. कळंब हे तेव्हा नुसते गाव नव्हते. वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे, म्हणजे आजच्या जिल्ह्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या विभागाचे ते ठाणे होते.

आजचे कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे. नागपूर-यवतमाळ रस्त्यावर यवतमाळच्या वीस-बावीस किलोमीटर अलीकडे ते लागते. धाराशिव जिल्ह्यातले कळंब वेगळे. इथे बहुतेक लोक चिंतामणीच्या दर्शनाला थांबतात, अर्ध्या तासात गाडीत बसतात आणि पुढे जातात. बादशाही दप्तराने ज्या गावाची एवढी दखल घेतली, त्या गावाला अर्ध्या तासात निरोप देणे मला तरी पटत नाही. कळंबला महत्त्व का होते, हे समजायला आधी इथली जमीन पाहावी लागते.

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 445 मीटर उंचीच्या पठारावर आहे. तिथून पूर्वेला निघाले की जमीन उतरत जाते आणि वर्धा नदीच्या काठाशी ती अडीचशे मीटरच्या आसपास येते. या उतारावर, पठाराच्या तुटक टेकड्या संपत आलेल्या आणि नदीखोऱ्याची काळी जमीन सुरू झालेली, अशा जागी कळंब आहे. गावाजवळून चक्रावती नदी वाहते. एका बाजूला सागाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला कापसाची शेते. सह्याद्रीसारखे उभे कडे इथे नाहीत. माथा सपाट, बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या आणि मध्ये नाल्याची चिंचोळी दरी, असे इथल्या डोंगरांचे रूप आहे. त्यांची उंची सांगून कुणी थक्क होणार नाही, पण पावसाळ्यात या टेकड्यांवरून उतरणाऱ्या पाण्यावर खालच्या शेकडो विहिरी जगतात.

हे पायऱ्यांचे रूप आले लाव्हामुळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर भेगांमधून लाव्हा बाहेर पडत राहिला. एक थर पसरायचा, निवायचा, मग त्यावर दुसरा. काही थर घट्ट आणि कठीण, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले. पाऊस आणि ऊन मऊ थर लवकर खातात, कठीण थर टिकून राहतात, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. पश्चिमेला सह्याद्रीत या थरांची जाडी प्रचंड आहे. पूर्वेकडे ती कमी होत जाते. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी-राजूरकडे, लाव्हाचे पांघरूण संपते आणि त्याच्याखालचे कितीतरी जुने गोंडवाना काळातले खडक उघडे पडतात. वणीचा कोळसा त्याच खडकांतला आहे. झरी जामणी तालुक्यात शिबला गावाजवळ 2021 मध्ये बेसाल्टचे स्तंभ उजेडात आले. निवताना आकसलेल्या लाव्हाला तडे गेले आणि जणू कुणी घडवून ठेवावेत असे बहुकोनी दगडी खांब तयार झाले. दगडांची आवड असलेल्याने ते जरूर पाहावेत.

आता हिऱ्यांकडे येऊ. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने 1425 च्या सुमारास माहूरकडे मोहीम काढली आणि गोंड राजाच्या ताब्यातले कळंब घेतले. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, त्याबरोबर हिऱ्यांची एक खाणही सुलतानाच्या हाती आली. तेव्हापासून कळंबच्या हिऱ्यांची गोष्ट पुस्तकांतून फिरते आहे. पण कळंबच्या टेकड्या बेसाल्टच्या आहेत आणि या लाव्हाच्या थरांत हिरे सापडत नाहीत. अबुल फजलची नोंद इथे उपयोगी पडते. हिऱ्यांची खाण बाबजीच्या ताब्यातल्या बैरागडला आहे, असे तो स्पष्ट म्हणतो. बैरागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले वैरागड, कळंबपासून पूर्वेला बरेच दूर. तेव्हा फिरिश्त्याची खाण हीच असावी, आणि कळंबच्या पलीकडच्या गोंडवनाची, म्हणजे गोंडांच्या मुलखाची, संपत्ती कळंबच्या नावावर लिहिली गेली असावी, असे मला वाटते. दरवाजा ज्या गावात, त्याच्या नावाने आतला खजिना ओळखला गेला. कळंब गोंडवनाचा दरवाजा होते, हेच त्यातून दिसते.

पुढची साडेतीनशे-चारशे वर्षे हे गाव कुणा ना कुणाच्या सीमेवर राहिले. बहमनी सत्ता फुटल्यावर 1490 मध्ये वऱ्हाडात इमादशाही आली. 1574 मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीने बुडवली आणि 1596 मध्ये चांदबीबीला वऱ्हाड अकबराला द्यावे लागले. मोगलांच्या कागदांत कळंब एक सरकार झाले. नदीच्या पलीकडे पवनार हे दुसरे सरकार. आजचे जिल्ह्याचे गाव यवतमाळ तेव्हा 'योत लोहारा' या नावाचा एक परगणा म्हणून नोंदले गेले आहे. लोहारा हे शहराला लागून असलेले गाव. म्हणजे मोगलाईत कळंब सरकारचे ठाणे आणि यवतमाळ परगण्याचे गाव, तर आता यवतमाळ जिल्ह्याचे गाव आणि कळंब त्याचा एक तालुका.

वर्धा नदी तर वारंवार राज्यांची हद्द झाली. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात नागपूरकर भोसले हरले. 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहाने त्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. एका काठावर नागपूरचे राज्य, दुसऱ्या काठावर निजामाचे. पुढे 1818 मध्ये पेशवा दुसरा बाजीराव पळत पळत याच भागात आला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करून चांद्याकडे सरकण्याचा त्याचा बेत होता. एप्रिल महिन्यात पांढरकवड्याजवळ कर्नल अॅडम्सच्या फौजेने त्याला गाठले आणि तो बेत मोडला. काही आठवड्यांतच बाजीराव शरण गेला. मराठी राज्याच्या अखेरच्या लढायांपैकी एक इथल्या रानात झाली, ही गोष्ट विदर्भातल्या शाळांतही फारशी सांगितली जात नाही. सांगितली पाहिजे.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. त्यानंतर या भागाचा वणी जिल्हा झाला, आणि 1905 मध्ये त्याचे नाव यवतमाळ पडले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र. वऱ्हाडी बोलीचा एक बाज आणि नागपुरी बोलीचा दुसरा बाज इथे एकाच बाजारात ऐकू येतो. इतकी वर्षे हद्दीवर राहिलेल्या मुलखात ते व्हायचेच.

चिंतामणीचे देऊळ हे कळंबचे पहिले आकर्षण, आणि ते आहेच तसे. विदर्भाच्या अष्टविनायकांत टेकडी गणेश, आदासा, रामटेक, मेंढा, पवनी, केळझर, भद्रावती यांच्या बरोबरीने कळंबचा चिंतामणी मोजला जातो. या देवळाची रचना इतरांपेक्षा वेगळी आहे. इथे पायऱ्या चढून वर जायचे नसते, पायऱ्या उतरून खाली जायचे असते. गाभारा जमिनीच्या पातळीच्या बराच खाली आहे आणि तिथेच गणेशकुंड आहे. कथा अशी: गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे कदंबाच्या छायेत गणपतीची उपासना केली. गणेशाने अंकुशाने कुंड उघडले, त्या पाण्याने इंद्र शुद्ध झाला. मग गंगेने दर बारा वर्षांनी येऊन गणेशाचे पाय धुवावेत, असे ठरले. गावातली श्रद्धा अशी की, साधारण बारा वर्षांनी कुंडातले पाणी वर चढते, मूर्तीच्या पायांना लागते आणि ओसरते. माघातल्या गणेशजयंतीला इथे मोठी यात्रा भरते. पाणी चढल्याचे कळले की त्या गर्दीला महिना-तिथी राहत नाही.

या पाण्याकडे भक्ताच्या नजरेने पाहावे, तसे भूजलाच्या नजरेनेही पाहावे. दोन्ही नजरांचे आपसात भांडण नाही. बेसाल्टचा खडक आतून घट्ट असतो, त्यात वाळूतल्यासारखे पाणी मुरत नाही. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या सांध्यांत आणि भेगांत. ही साठवण उथळ असते. पावसाळ्यात ती भराभर भरते, सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत वर येते, आणि मे महिन्यात तळ गाठते. म्हणून इथल्या विहिरींचे पाणी वर्षभरात कित्येक मीटर वरखाली होते. एका वर्षी पाऊस कमी झाला तर पुढच्या वर्षाची सुरुवात खालून होते, आणि सलग दोन-तीन वर्षे चांगला पाऊस झाला तर पातळी एरवीच्या वर जाते. या भागात वर्षाला साधारण 900 ते 1,000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण दरवर्षी तो सारखा पडत नाही. जमिनीखाली खोल उतरलेले आणि नदीपासून जवळ असलेले देऊळ म्हणजे भूजलाच्या पातळीच्या अगदी शेजारचे देऊळ. चांगल्या पावसाच्या वर्षांची रास जमली की पाणी फरशीपर्यंत येणार. हे दहा-बारा वर्षांतून एकदा घडत असेल, तर त्या परंपरेत पिढ्यानपिढ्यांचे निरीक्षण साठले आहे असे मी समजतो. ज्यांनी जमिनीच्या पोटात देऊळ बांधले, त्यांना इथले पाणी ठाऊक होते.

मात्र त्यांच्या काळी बोअरवेल नव्हत्या. शेतात ओलितासाठी आणि घरोघर वापरासाठी आपण भूगर्भातून जे पाणी उपसतो, त्याचा परिणाम कुंडावरही होणारच. पठारावरच्या यवतमाळ शहराने पाण्याची टंचाई चांगलीच भोगली आहे. निळोणा आणि चापडोह ही शहराची धरणे कोरडी पडली, की काय होते ते तिथल्या लोकांना विचारावे. बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा धरणाच्या कालव्यांनी कळंब आणि राळेगाव भागातल्या काही शेतांना पाणी दिले आहे. पण बहुतेक शिवार अजून पावसाच्याच भरवशावर आहे.

डोंगरात शिरले की गाव लवकर मागे पडते. जंगल पानगळीचे, सागाचे. सागाबरोबर ऐन, धावडा, सालई, तेंदू, बिबा, चारोळी, मोह आणि कळंब नावाचे झाडही. कळंब म्हणजे कदंबाचा सख्खा नातेवाईक, पण त्याच्यापेक्षा काटक, कोरड्या रानात तग धरणारा. उन्हाळ्याच्या तोंडावर हे रान उघडेबोडके दिसते आणि नवख्या माणसाला वाटते, काय आहे इथे? त्याने फाल्गुनात पळस पाहावा. पान एक नसलेल्या फांद्यांवर फुलांचा केशरी जाळ उठलेला असतो. नंतर मोहाची फुले येतात. ती रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. टोपल्या घेऊन बाया-पोरे उजाडायच्या आत झाडाखाली असतात. साग फुलतो तो भर पावसाळ्यात, आणि डोंगराचे माथे फिकट पांढरे दिसू लागतात.

तेंदूपानाचा हंगाम एप्रिल-मेमधला, आणि ते काम सगळ्यांत कष्टाचे. उन्हाच्या आधी पाने तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर नेऊन मोजून द्यायचे. एक हजार पुड्यांचे एक प्रमाण गोणी. अनेक कुटुंबांची खरिपाच्या बियाण्याची सोय या महिनाभराच्या मजुरीतून होते. जंगलाला मात्र याच दिवसांत आगीची भीती असते. मोहाची फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, वारा सुटला की तीच आग डोंगर चढते. नवी रोपे जळतात, जमिनीवरची अंडी-पिल्ले जळतात. मोहाखाली जुने कापड किंवा जाळी पसरून फुले गोळा करता येतात. गावोगावी हे पोहोचले तर पुष्कळ रान वाचेल.

या डोंगरांचे खरे जाणकार कोलाम. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी हा एक, दुसरे दोन कातकरी आणि माडिया गोंड. यवतमाळ जिल्ह्यात कोलामांची वस्ती मोठी आहे, आणि कळंब तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातही त्यांचे पोड आहेत. पोड म्हणजे मुख्य गावापासून दूर, सहसा टेकडीच्या बाजूला वसलेली कोलामांची वाडी. पूर्वी ते डोंगरउतारावर फिरती शेती करत. इंग्रजांच्या वनखात्याने ती बंद पाडली आणि कोलाम शेतमजूर झाले. भीमायक हा त्यांचा देव. शेजारचे गोंड संख्येने आणि सत्तेने मोठे, तरी डोंगरातल्या देवांची पूजा कोलामाच्या हातून व्हावी असे मानत आले. कारण कोलाम हे या भूमीचे आधीचे रहिवासी, देवांना ओळखणारे.

त्यांची कोलामी भाषा गोंडीची पोटभाषा आहे असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. दोन्ही द्रविड कुळातल्या, पण वेगवेगळ्या शाखांच्या. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्धा भागातल्या कोलामीचा अभ्यास करून 1955 मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. द्रविड भाषांच्या अभ्यासात त्या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. जगातल्या विद्यापीठांत जिच्या व्याकरणावर चर्चा होते, ती भाषा बोलणारे पोर आपल्याकडे शाळेत पहिल्या दिवशी मराठी न समजता बसून राहते, याचे मला फार वाईट वाटते. त्याला त्याच्या भाषेत शिकवणारा निदान एक माणूस वर्गात हवा.

रान कुणाचे, हा प्रश्न या जिल्ह्याने एकदा देशापुढे मांडला होता. 1930 च्या कायदेभंगात समुद्र जवळ नसलेल्या वऱ्हाडात मिठाऐवजी गवताचा सत्याग्रह झाला. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. 21 जुलैला यवतमाळजवळ डॉ. हेडगेवार यांच्या तुकडीने सत्याग्रह केला आणि त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. घरचे जनावर चारण्यासाठी, चुलीच्या काडीसाठी लोकांना वनखात्यापुढे हात पसरावे लागत, म्हणून हा सत्याग्रह खेड्यांत समजला आणि पसरला. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्या जुन्या मागणीला उशिरा का होईना कायद्याचे रूप दिले.

अबुल फजलचे हत्ती गेले. वाघ मात्र आहेत. शेजारच्या राळेगाव तालुक्यात, बोराटीच्या जंगलात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री अवनी, म्हणजे टी-1, ही वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूला तिला जबाबदार धरले गेले होते. शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या पेटल्या, आणि त्याच वेळी या भागातल्या माणसांना शेतात जायची भीती वाटत होती. दोन्ही दुःखे खरी होती. जंगल तुटक झाले, मध्ये शेते आणि रस्ते आले, की वाघ आणि गुराखी एकाच नाल्यावर येतात. दुसरी बाजूही याच जिल्ह्याने दाखवली. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य अवघे 148.63 चौरस किलोमीटरचे. तिथला एक तरुण वाघ 2019 मध्ये बाहेर पडला, शेते, नद्या, महामार्ग ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या पट्ट्यावरून त्याची सारी भटकंती तीन हजार किलोमीटरच्या वर भरली. एवढ्या वाटेत त्याला आडोसा दिला तो कळंबसारख्या तालुक्यांतल्या, नकाशावर नाव नसलेल्या टेकड्यांनी आणि नाल्यांनी. अभयारण्याइतकीच ही फुटकळ रानेही राखायला हवीत. रोही आणि रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला वेळेवर भरपाई मिळाली, तरच तो ही राने राखायला साथ देईल.

कळंबला येणाऱ्याने राळेगाव तालुक्यातले रावेरीही पाहावे. तिथे एकट्या सीतेचे देऊळ आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला आणि टाकून दिल्या गेलेल्या स्त्रियांच्या प्रश्नाशी ते देऊळ जोडले.

पोहोचणे आता सोपे झाले आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. देवळी, भिडी करत गाडी वर्धा नदी ओलांडते आणि कळंबला येते. यायचे तर सप्टेंबर-ऑक्टोबरात या. डोंगर हिरवे असतात, नाले वाहते असतात, आणि कुंडाचे पाणीही वर असते.

कळंबच्या लोकांना, विशेषतः तिथल्या शिक्षकांना, एक विनंती आहे. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तसेच गणेशकुंडाचे पाणी दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला शाळेतल्या मुलांनी मोजावे, त्याच दिवशी गावातल्या चार विहिरी मोजाव्यात, तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे शेजारी लिहावेत आणि ती वही देवस्थानने जपावी. त्याला एक खुणा केलेली दोरी आणि एक वही लागते. पुढच्या वेळी पाणी चिंतामणीच्या पायांना लागेल, तेव्हा ते किती पावसानंतर, किती दिवसांत आणि किती वर्षांनी आले, याचा हिशोब गावापाशी लेखी असेल.